आजोबांच्या आणि काकांच्या फोटोतली थ्री नॉट थ्री, मॉडेल कसं ओळखायचं? सल्ला हवा

सह्याद्रीवारा: मंडळी, घरात दोन जुने फोटो सापडलेत. एकात आजोबा मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या गणवेशात, मागे १९४४ लिहिलंय, दुसऱ्यात काका, पोलिसात असतानाचे, ७८-७९ चा असेल. दोघांच्या हातात मला तरी एकच रायफल दिसतेय. फ्रेम करून खाली नाव टाकायचंय. आत्तेभाऊ म्हणतो सगळ्या थ्री नॉट थ्रीच, कशाला डोकं खातोस 😄

जुनीबारूद: आधी नळीचं तोंड बघा. लाकूड आणि नळी जवळजवळ एकाच ठिकाणी संपतात आणि पुढे बुलडॉगसारखं चपटं नाक असेल तर ती नंबर १, म्हणजे एसएमएलई (शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड). नळी पुढे चांगली बाहेर डोकावत असेल तर नंबर ४. शिवाय नंबर १ ची मागची साईट पुढे नळीवर असते, नंबर ४ ची बोल्टच्या मागे, अगदी डोळ्याजवळ, भोकाची. ४४ साली दोन्ही चालू होत्या त्यामुळे सालावरून ठरवू नका.

सह्याद्रीवारा: चपटं नाक! मग मार्क ३ की मार्क ३ स्टार?

जुनीबारूद: मार्क ३ ला मॅगझिनच्या (खालच्या गोळ्यांच्या डब्याच्या) वर उजव्या अंगाला एक सरकता पत्रा असायचा, कटऑफ म्हणतात, तो आत ढकलला की मॅगझिनमधल्या गोळ्या राखीव आणि वरून एकेक हाताने भरायची. डावीकडे लाकडावर लांब पल्ल्याच्या साईटची चकती. पहिल्या महायुद्धात माल पटापट निघावा म्हणून १९१६ च्या स्टारमधून ही कटकट काढली. पण दुरुस्तीत पार्ट इकडचे तिकडे व्हायचे, खरं काय ते बटाच्या मानेवरचा शिक्काच सांगणार आणि तो फोटोत कुठला दिसायला. सरळ 'एसएमएलई नंबर १ मार्क ३' लिहा, स्टार असली तरी कोणी भांडायला येणार नाही.

खाकीवाला: काकांच्या फोटोत मॅगझिन बघ. .३०३ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते म्हणून मॅगझिन खाली तिरकं होतं. ७.६२ मिमीच्या काडतुसाला ती कड नाही, म्हणून इशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या २ए आणि २ए१ या ७.६२ च्या रायफलींचं मॅगझिन सरळ चौकोनी डब्यासारखं. बाकी अंग सगळं एसएमएलईचं, इथेच लोक फसतात.

टाईमपासराव: २ए१ म्हणजे जुन्या .३०३ ची नळी बदललेली ना?

खाकीवाला: नाही हो, हे सगळीकडे छापून आलंय पण चूक आहे. इशापूरला नव्याने बनवल्या, ७.६२ चा दाब जास्त म्हणून पोलादही वरचढ घेतलं. २ए ची साईट जुनीच २००० यार्डांपर्यंत, २ए१ ची ८०० मीटरपर्यंत, हातात आली तर दोघींत फरक तिथे बघायचा.

सह्याद्रीवारा: काकांचं मॅगझिन तिरकंच आहे. म्हणजे .३०३ फायनल?

खाकीवाला: थांब. पोलिसांकडे .४१० मस्केट पण असायच्या, .३०३ च्याच बदलून केलेल्या, एका वेळी एकच गोळी, मॅगझिनमध्ये लाकडाचा ठोकळा. बाहेरून ओळखणं अवघड. काका आहेत ना? एकेक काडतूस भरायचात का, एवढंच विचार.

सह्याद्रीवारा: आहेत की, ठणठणीत. रविवारी जातोय, विचारून इथेच टाकतो. तोवर आजोबांची फ्रेम करायला देतो.