आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यासक कुलगुरू झाला की त्याच्या अभ्यासाचे काय होते? (लुईझ रिचर्डसन यांच्या निमित्ताने)

घाटमाथा यांचा प्रश्न

मी गेली अकरा वर्षे एका अनुदानित महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. पदव्युत्तर वर्गाला दहशतवादाचे प्रकरण शिकवताना दर वर्षी लुईझ रिचर्डसन यांच्या 'व्हॉट टेररिस्ट्स वाँट' (2006) या पुस्तकाचा आधार घेतो. दहशतवादी ही वेडी माणसे नसतात. त्यांना सूड, कीर्ती आणि समोरच्याची प्रतिक्रिया या तीन गोष्टी हव्या असतात, ही त्यांची मांडणी विद्यार्थ्यांना चटकन उमगते आणि परीक्षेनंतरही लक्षात राहते. यंदा तास संपताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, यानंतर त्यांनी काय लिहिले?" मी फळा पुसत होतो, तो पुसतच राहिलो. त्यांचे सगळे महत्त्वाचे ग्रंथ 1996 ते 2007 या काळातले आहेत. पुढे त्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या प्रमुख झाल्या, मग ऑक्सफर्डच्या कुलगुरू आणि 2023 पासून न्यूयॉर्कच्या कार्नेगी कॉर्पोरेशन या अनुदान देणाऱ्या धर्मादाय संस्थेच्या अध्यक्ष.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. विद्यापीठाचे नेतृत्व स्वीकारणे म्हणजे अभ्यासकाने आपल्या विषयाचा निरोप घेणे आहे काय? आणि राष्ट्राराष्ट्रांतील संघर्षाचा अभ्यास विद्यापीठ चालवताना खरोखर उपयोगी पडतो, की ती केवळ सत्काराच्या भाषणात म्हणायची गोष्ट आहे?

प्रश्नामागे थोडा स्वार्थही आहे. विभागप्रमुखपद आणि नॅकचे (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचे) समन्वयकपद अशी दोन्ही कामे माझ्याकडे येऊ घातली असून माझा अर्धवट प्रबंध कपाटात तसाच पडून आहे.

वाचनवेडा यांचा प्रतिसाद

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या आयुष्यक्रमात शोधावे लागेल, म्हणून तो जरा तपशिलाने सांगतो.

रिचर्डसन यांचा जन्म 1958 मध्ये आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यातील ट्रॅमोर या समुद्रकाठच्या गावी, सात भावंडांच्या कॅथलिक कुटुंबात झाला. जानेवारी 1972 मध्ये उत्तर आयर्लंडमधील डेरी या शहरात ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. त्या दिवसांत आपण ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मीत आनंदाने दाखल झालो असतो, हे त्यांनी पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात इतिहास शिकत असताना त्या संघटनेच्या वाटेवर गेलेली मुले त्यांनी जवळून पाहिली. आपल्याच आजूबाजूची साधी, हुशार मुले तिकडे का वळतात, हा प्रश्न त्यांना पुस्तकातून नव्हे तर शेजारच्या बाकावरून मिळाला, असे म्हटले तरी चालेल.

पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेतून एम.ए. आणि 1989 मध्ये हार्वर्डमधून पीएच.डी. करून त्या तेथेच शिकवू लागल्या. त्यांचे पहिले पुस्तक दहशतवादावरचे नव्हतेच. 1956 चा सुएझ पेचप्रसंग (सुएझ कालव्यावरून ब्रिटनने इजिप्तवर केलेला हल्ला) आणि 1982 चे ब्रिटन-अर्जेंटिना यांच्यातील फॉकलंड युद्ध या दोन प्रसंगी ब्रिटन आणि अमेरिका ही मित्रराष्ट्रे एकमेकांशी कशी वागली, याचा तो अभ्यास होता आणि तो 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. दहशतवादी चळवळींवरचा अभ्यासक्रम मात्र त्या 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांच्या बऱ्याच आधीपासून शिकवत होत्या. त्या काळी अमेरिकी विद्यापीठांत हा विषय आडवाटेचा समजला जाई. हल्ले झाले आणि एका रात्रीत सगळ्यांना त्यांचे ऐकायचे होते.

नेमकी गंमत इथे आहे. त्याच 2001 मध्ये त्यांनी हार्वर्डच्या रॅडक्लिफ संस्थेचे कार्यकारी अधिष्ठातापद स्वीकारले होते. म्हणजे दुखावलेली व्यक्ती, तिला पाठीशी घालणारा समाज आणि तिच्या कृत्याला न्याय्य ठरवणारी विचारसरणी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याखेरीज दहशतवाद उभा राहत नाही आणि दहशतवादाविरुद्ध 'युद्ध' पुकारणे ही अमेरिकेची चूक होती, हे सांगणारे ज्या पुस्तकाचा आधार आपण घेता, ते पुस्तक त्यांनी प्रशासनात असतानाच लिहिले आहे. विद्यार्थिनीला एवढे सांगता येईल की बाईंनी पद आणि लेखणी काही वर्षे दोन्ही सांभाळली. मोठे ग्रंथ थांबले ते 2009 मध्ये संपूर्ण विद्यापीठाची जबाबदारी आल्यानंतर.

साशंक यांचा प्रतिसाद

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु त्यातून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. माझ्या मते ते उत्तर 'उपयोग नाही' असेच आहे. ऑक्सफर्डमध्ये त्यांच्या आधीचे कुलगुरू अँड्र्यू हॅमिल्टन हे रसायनशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या काळात विद्यापीठ काही बुडाले नाही. मोठ्या विद्यापीठाच्या प्रमुखाचे खरे काम देणग्या मिळवणे हे असते. 2019 मध्ये मानव्यविद्यांच्या केंद्रासाठी स्टीफन श्वार्झमन या अमेरिकी धनिकाकडून मिळालेले 15 कोटी पौंड काही फॉकलंडच्या अभ्यासामुळे आलेले नाहीत.

शिवाय संघर्षाच्या अभ्यासकाकडून शब्द तोलून वापरण्याची अपेक्षा असते. 2017 मध्ये कुलगुरूंच्या वेतनावरून ब्रिटनमध्ये वादळ उठले होते आणि त्यांचे स्वतःचे वेतन साडेतीन लाख पौंडांच्या घरात होते. अशा वेळी त्यांनी राजकारणी आणि वृत्तपत्रे यांनाच जाहीरपणे दोष दिला. समोरच्याची प्रतिक्रिया काय होईल याचा अंदाज बांधण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना ती प्रतिक्रिया कशी दिसली नाही, हे मला न सुटलेले कोडे आहे.

सेंट अँड्र्यूजमधला एक प्रसंग मात्र मी त्यांच्या बाजूने मोजतो. त्या गावच्या रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबात विद्यापीठाच्या प्रमुखाला मानद सदस्यत्व देण्याचा प्रघात होता, पण रिचर्डसन या त्या पदावरील पहिल्या स्त्री आणि क्लबात स्त्रियांना प्रवेश नव्हता. काही सदस्य क्लबचा टाय त्यांच्यासमोर हलवून दाखवीत, असे त्यांनी एका अमेरिकी वृत्तपत्राला सांगितले आणि तेवढ्यावरच थांबल्या. सप्टेंबर 2014 मध्ये, स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर सार्वमत झाले त्याच दिवशी, क्लबने स्त्रियांना सदस्यत्व देण्याचा ठराव मोठ्या बहुमताने संमत केला. क्लबवर दबाव इतर अनेक बाजूंनीही होता, त्यामुळे याचे सारे श्रेय मी त्यांना देणार नाही.

नेमस्त यांचा प्रतिसाद

साशंक यांनी वेतनाचा प्रसंग निवडला, पण मूळ प्रश्नाच्या दृष्टीने त्याहून बोलका प्रसंग पुढच्याच वर्षीचा आहे.

आधी ऑक्सफर्डची रचना ध्यानात घ्यावी लागेल. आपल्याकडे महाराष्ट्रात राज्यपाल हे कुलपती असतात, ते शोध समितीने सुचवलेल्या नावांतून कुलगुरू नेमतात आणि पाच वर्षांच्या मुदतीत कुलगुरूंच्या शब्दाला केवढे वजन असते, हे सर्वांना ठाऊक आहे. ऑक्सफर्डमध्ये तीसहून अधिक कॉलेजे आपापला पैसा आणि प्रवेश स्वतः सांभाळतात, आणि पाच हजारांहून अधिक अध्यापक-अधिकाऱ्यांची 'काँग्रिगेशन' नावाची सर्वोच्च सभा कुलगुरूंचा प्रस्ताव सरळ फेटाळू शकते. ही आपल्या अधिसभेसारखी प्रश्नोत्तरांची सभा नव्हे. 2006 मध्ये जॉन हूड या कुलगुरूंच्या कारभार-सुधारणा याच सभेने मतदानाने नाकारल्या होत्या. तेव्हा हे पद एखाद्या राष्ट्राच्या पंतप्रधानापेक्षा आघाडीतल्या देशांची मोट बांधणाऱ्या मुत्सद्द्यासारखे अधिक आहे.

फेब्रुवारी 2018 मध्ये निवृत्तिवेतनातील प्रस्तावित कपातीविरुद्ध ब्रिटनभर प्राध्यापकांचा संप सुरू झाला. ऑक्सफर्डने आपली अधिकृत भूमिका कपातीला अनुकूल अशी कळवली होती आणि ती कळवताना अध्यापकांना विश्वासात घेतले नव्हते. मार्चमध्ये शेल्डोनियन थिएटरात काँग्रिगेशनची बैठक भरली. विद्यापीठाने ही भूमिका बदलावी असा ठराव पुढे येताच काही सदस्य नियमावर बोट ठेवून उभे राहिले आणि चर्चा अडली. तेव्हा शेकडो अध्यापक सभागृहातून बाहेर आवारात आले आणि उघड्यावरच त्यांनी अनौपचारिक मतदान करून ठराव जवळपास एकमताने संमत केला. दुसऱ्याच दिवशी कुलगुरूंनी भावनांची तीव्रता मान्य करून विद्यापीठाची भूमिका बदलण्याची तयारी जाहीर केली.

आता त्यांचे 1996 चे पुस्तक आठवावे. सुएझच्या वेळी अमेरिका पाठिंबा देणार नसली तरी निदान आड येणार नाही, असे ब्रिटनने गृहीत धरले आणि पौंड घसरू लागल्यावर अमेरिकेने मदत नाकारली तेव्हा माघार घेऊन त्या गृहीतकाची किंमत मोजली. मित्र आपल्यासोबत आहेतच असे मानून त्यांना न विचारणे, ही जी चूक त्यांनी दोन सरकारांच्या दप्तरांतून शोधून काढली, तीच त्यांच्या विद्यापीठाकडून 2018 मध्ये घडली. मग अभ्यासाचा उपयोग कुठे झाला? माझ्या मते दुसऱ्या दिवशीच्या माघारीत झाला. प्रतिष्ठेचा प्रश्न करून आठवडाभर ताणून धरले असते तर सभेने औपचारिक मतदानात तेच केले असते. चूक ओळखायला त्यांना चोवीस तास लागले. सुएझच्या वेळचे ब्रिटिश पंतप्रधान अँथनी ईडन यांना ती शेवटपर्यंत मान्य झाली नाही. हा अर्थात माझा तर्क आहे, त्यांनी स्वतः तसे म्हटलेले नाही.

हडपसरकर यांचा प्रतिसाद

पुण्यात राहून या धाग्यावर लस आठवली नाही तर नवलच. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी करोनाची लस तयार केली तेव्हा कुलगुरू रिचर्डसनच होत्या. एप्रिल 2020 मध्ये ॲस्ट्राझेनेका या औषध कंपनीशी करार करताना साथ चालू असेपर्यंत नफा घ्यायचा नाही, अशी भूमिका विद्यापीठाने घेतली आणि पुढे सीरम इन्स्टिट्यूटने तीच लस 'कोव्हिशील्ड' या नावाने आमच्या मांजरी-हडपसरच्या बाजूला बनवली. डिसेंबर 2021 मध्ये सीरमचे मालक असलेल्या पूनावाला कुटुंबाच्या कंपनीने ऑक्सफर्डमधील लस-संशोधनाच्या इमारतीसाठी 5 कोटी पौंड देण्याचे जाहीर केले, म्हणजे देणगीचा ओघ इकडून तिकडे गेला. लस अर्थातच प्रयोगशाळेतल्या माणसांनी बनवली. पण ती कोणत्या अटींवर आणि कोणत्या देशांपर्यंत जावी, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय राजकारणाचा होता आणि त्या खुर्चीत त्या विषयाची व्यक्ती होती, ही बाब मला अगदीच योगायोगाची वाटत नाही.

घाटमाथा यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 2001 आणि 2006 या दोन सालांकडे मी आजवर या दृष्टीने पाहिलेच नव्हते. नेमस्त यांचा सुएझचा मुद्दा वर्गात मांडीन, तर्क म्हणूनच मांडीन. विद्यार्थिनीलाही पुढच्या तासाला उत्तर देता येईल. नॅकच्या कामाला होकार कळवला आहे. मात्र बुधवार आणि शनिवार या दोन दुपारी प्रबंधासाठी मोकळ्या ठेवाव्यात, असे त्याच पत्रात लिहून दिले आहे.

साशंक यांचा प्रतिसाद

त्या पत्राची पोचपावती शिक्क्यासह घेऊन ठेवा.