अनुभव धागा : अडकून बसणारे मोशन सेन्सर – तुमच्याकडे काय झालं आणि कसं सुटलं?

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घरात बिनवायरीचे मोशन सेन्सर लावलेत, पॅसेजमध्ये, जिन्यात, बाथरूममध्ये. चालतात तोवर मजा असते आणि एकदा अडकले की घरातले सगळे आपल्याकडेच बघतात. अडकण्याचे प्रकार दोन. एक म्हणजे माणूस निघून गेला तरी 'हालचाल आहे' असंच दाखवत बसतो आणि दिवा रात्रभर जळतो, दुसरा म्हणजे समोर जाऊन नाचलात तरी ढिम्म. दोन्हीची कारणं बहुतेक वेळा वेगळी निघतात, म्हणून लिहिताना कुठल्या बाजूला अडकला ते आधी सांगा. "खराब निघाला, नवीन आणला" एवढंच नको, का अडकला ते हवंय. कंपन्यांची नावं टाळूया, नाहीतर धागा तिकडेच घसरतो.

सुरुवात मी करतो. माझा पॅसेजमधला झिगबी (कमी विजेत चालणारं, घरातल्या उपकरणांचं बिनवायरी नेटवर्क) सेन्सर 'चालू'वर अडकायचा, तेही रोज नाही, अधूनमधून. बॅटरीवरचे स्वस्त सेन्सर बरेचदा 'कोणीतरी आलं' एवढाच निरोप पाठवतात, 'गेलं' असा निरोप पाठवतच नाहीत. ते ठरावीक सेकंद मोजून हबवरचं (हब म्हणजे सगळ्यांचे निरोप घेणारा छोटा कॉम्प्युटर) सॉफ्टवेअरच स्वतः ठरवतं. आता मोजणी चालू असताना लाईट गेली आणि हब रीस्टार्ट झाला की मोजणी गायब, आणि शेवटची नोंद 'हालचाल आहे' अशीच शिल्लक. मध्यरात्री पॅसेजमधून कोण जातंय, त्यामुळे सकाळपर्यंत दिवा चालू. सेन्सर बिचारा ठणठणीत होता! होम असिस्टंटमध्ये (हबवरचं घर सांभाळणारं सॉफ्टवेअर) 'इतकी मिनिटं हालचाल नसेल तर बंद कर' अशी अट लावतात ना, ती वाट बघणंही रीस्टार्ट झालं की पुसलं जातं. मी आता हब सुरू झाल्याझाल्या सगळे मोशन सेन्सर 'शांत' करून घेतो आणि दिव्यासाठी वेगळा टायमर ठेवलाय जो रीस्टार्टनंतर पुन्हा उभा राहतो. तेव्हापासून त्रास नाही.

वैदर्भीय_कूलर :
भाऊ आमच्या नागपुरात उलटं होते. मे महिन्यात सेन्सर आंधळाच होऊन जाते. हे नेहमीचे सेन्सर पीआयआर असते, म्हणजे काय तर अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यातला फरक हलताना दिसला पाहिजे. बाहेर ४५ अंश, पश्चिमेची भिंत संध्याकाळी तापून अंगाइतकीच गरम, मग फरक राहिलाच कुठं? मी तर बॅटरी बदलली, परत जोडला, सगळं केलं, आणि रात्री भिंत निवल्यावर तो आपोआप चालायला लागला, तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. दुसरं म्हणजे थेट सेन्सरच्या दिशेनं चालत आलं तर त्याला उशिरा कळते, आडवं गेलं तर लगेच. आत दोन तुकडे असतात, एकावरून दुसऱ्यावर उष्णता सरकली की तो जागा होतो. म्हणून मी तो दारासमोरून काढून बाजूच्या भिंतीवर लावला, उन्हाळ्यापुरता दाराला चुंबकाचा सेन्सर पण दिला. आणि हो, कूलरचा झोत लेन्सवर येऊ देऊ नका, त्यानं दिवसभर उगाच 'कोणीतरी आलं' करून राहते.

सदाशिवपेठकर :
आमच्याकडे आंधळा आणि मुका दोन्ही, कारण आईची सवय. झोपण्याआधी घरातलं प्रत्येक बटण बंद करायचं म्हणजे करायचं. आता झिगबीत विजेवर चालणारी उपकरणं, म्हणजे स्मार्ट बल्ब, स्मार्ट प्लग वगैरे, ही दुसऱ्यांचे निरोप पुढे पोचवतात. बॅटरीवरचा सेन्सर एकतर थेट हबला नाहीतर अशाच एखाद्या बल्बला धरून असतो. जिन्यातला सेन्सर हॉलमधल्या बल्बला धरून बसलेला, आईने भिंतीवरचं बटण दाबलं की बल्बच मेला, मग जिन्यातून आलेला निरोप ऐकायला कोण? चांगले सेन्सर थोड्या वेळाने दुसरा आधार शोधतात, पण माझ्याकडचे हट्टी होते, जुन्यालाच हाका मारत राहायचे. कधी 'आलं' पोचायचं आणि 'गेलं' पोचायच्या आत बल्ब बंद व्हायचा, की मग 'चालू'वर अडकलाच. आईला सांगून उपयोग नव्हता (सांगून बघितलं, "वीज काय फुकट येते का" हे ऐकून घेतलं) म्हणून फ्रिजमागे, जिथे कुणाचा हात जात नाही, तिथे एक स्मार्ट प्लग कायमचा लावला आणि सेन्सर जिथे टांगायचाय तिथेच उभं राहून पुन्हा जोडले. हबजवळ आणून जोडलं की ते हबलाच धरतात आणि परत जिन्यात गेल्यावर रेंज नाही म्हणून रडतात.

फावडे_आणि_सोल्डर :
वरच्यांच्यात भर. डोंगल (हबला खोचायचा झिगबीचा रेडिओ) कुठे खोचलाय ते बघा. यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि बाहेरच्या हार्डडिस्कच्या वायरीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सांडतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहिलेलं आहे. झिगबी त्याच पट्ट्यात. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल लांब ठेवला की निम्मे लोक इथे लिहायलाच येणार नाहीत. मग वायफाय. राउटर ११ नंबरच्या चॅनेलवर असेल आणि झिगबी २२ वर, तर नंबर वेगळे दिसले तरी दोघं एकाच जागेत बोलतायत. वायफाय १ वर बांधून टाका, झिगबी २० किंवा २५ वर न्या. फक्त झिगबीचा चॅनेल बदलला की बॅटरीवरची बरीच उपकरणं नव्याने जोडावी लागतात, तेव्हा रविवारी सकाळीच हात घाला.

चिपळूणची_सर :
आमच्याकडे पावसाळा हेच कारण. ओटीवरचा सेन्सर जुलैत हमखास 'चालू'वर. उघडून बघितला तर बटन सेलच्या पत्र्याला हिरवट थर. पत्रा घासून पुसला, की बरा. ऑगस्टमध्ये परत तेच, पण या वेळी पत्रा स्वच्छ. मग टॉर्च मारून बघितलं तर लेन्ससमोर कोळ्याने जाळं केलेलं, वाऱ्यावर हलतंय. लेन्सच्या अगदी तोंडाशी काहीही हललं की त्याला तो हत्ती दिसतो. पालीचंही तेच, रात्री दिव्याशी किडे येतात, किड्यांमागे पाल येते, पाल सेन्सरवरून फिरते, दिवा लागतो, दिव्याला आणखी किडे. बंद व्हायचं नावच नाही. आता दिवा आणि सेन्सर लांब लांब लावलेत आणि झाडू मारताना सेन्सरवरूनही एक हात फिरतो. अंगणातल्या दिव्यासाठी सलग दोनदा हालचाल दिसली तरच लाव असं केलंय, पाल तेवढी चिकाटीची नाही.

वनबीएचके_वाला :
मी पीआयआरला कंटाळून रडारवाला घेतला, २४ गिगाहर्ट्झचा, म्हणे स्थिर बसलेला माणूसही कळतो. कळतो खरंच, श्वासाने छाती हलते तेवढंही पुरतं त्याला. पण मुंबईत पंखा बंद करून कोण बसतं? पंखा चालू तोवर खोलीत 'माणूस आहे'. खिडकीचा पडदा उडाला, माणूस आहे. रात्री आम्ही दोघं हॉलमध्ये, बेडरूम रिकामी, आणि तिथे दिवा मालकासारखा जळतोय. त्यात आमची मधली भिंत प्लायची, रडार त्यातून आरपार जातं, म्हणजे बायको स्वयंपाकघरात पोळ्या लाटतेय आणि बेडरूमचा सेन्सर तिची हजेरी लावतोय. सुटलं ते असं : ह्या रडारमध्ये अंतराचे टप्पे असतात, माझ्यात प्रत्येकी पाऊण मीटरचे. ॲपमध्ये बघत बसलो की पंखा चालू असताना कुठल्या टप्प्यात आकडा उड्या मारतो, त्या टप्प्याची संवेदनशीलता उतरवली, भिंतीपलीकडचे टप्पे सरळ बंद केले. हलणाऱ्यासाठी वेगळा आकडा आणि स्थिरासाठी वेगळा असतो, दोन्ही बघावे लागतात. शिवाय छतावरून काढून खाली कमरेइतक्या उंचीवर लावला, पंख्याकडे पाठ करून. आणि दिवा लावायचं काम परत पीआयआरला दिलं, रडार फक्त 'अजून आहे का' एवढंच सांगतं. निदान रिकाम्या खोलीत पंखा स्वतःहून दिवा लावत नाही. हे असे सेन्सर बॅटरीवर फारसे चालत नाहीत, चार्जर लागतो, ते आधीच धरून चाला.

ठाण्याचा_जुगाडू :
घरी बनवलेल्यांसाठी. एचसी-एसआर५०१ नावाचं पीआयआरचं बोर्ड आणि ईएसपी८२६६ ही वायफायची चिप एकाच डबीत बसवलं की हा प्रकार होतोच : हालचाल दिसली, वायफायवर निरोप गेला, निरोप पाठवताना करंट उसळतो आणि शेजारच्या अँटेनाचा त्रास होतो, पीआयआरला वाटतं परत कोणीतरी आलं, परत निरोप. स्वतःच स्वतःला चिमटे काढत बसतो. बोर्ड वायरने दहा-पंधरा सेंटिमीटर लांब काढा, सप्लायला जाडसा कपॅसिटर द्या. पीआयआरच्या बोर्डवर दोन पेच असतात, एक लांबी-अंतराचा, एक वेळेचा. वेळेचा पूर्ण फिरलेला असेल तर पाचेक मिनिटं चालूच राहतो, लोकांना वाटतं अडकला. सुरू केल्यावर पहिला मिनिटभर काहीही बरळतो, तिकडे लक्ष देऊ नका.

मिनेसोटा_माळी :
इकडे गॅरेजमध्ये उणे वीसला सीआर२४५० बटन सेल ५५ टक्के दाखवतो आणि सेन्सर गप्प. घरात आणला की जिवंत. थंडीत बटन सेलचा आतला विरोध वाढतो, रेडिओला एकदम करंट लागला की व्होल्टेज कोसळतं. गॅरेजसाठी लिथियमचे ट्रिपल ए लागणारा सेन्सर घ्या, साध्या अल्कलाईनचे नकोत.

वायरमन_अण्णा :
टक्केवारीचं वरच्यांनी बरोबर सांगितलं. लिथियम सेल जवळजवळ शेवटपर्यंत तीन व्होल्टच्या आसपास राहतो आणि मग धाडकन पडतो, म्हणून ॲपमधले ५५ टक्के म्हणजे नुसता अंदाज. माझ्याकडे फोन आला की मी आधी सेल काढायला लावतो, सेल बाहेर असताना सेन्सरचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं म्हणजे आत उरलेलं सगळं उतरतं, मग नवा सेल, माहितीच्या दुकानातला. बरेचसे गपगुमान चालू होतात. नाही झाले तर मग वरचे उद्योग.

काचेपलीकडे :
बाथरूमचं कोणी लिहिलं नाही अजून. शॉवरला काचेचं पार्टिशन आहे, पीआयआरला काचेतून अंगाची उष्णता दिसत नाही, त्यामुळे डोक्याला शांपू लावलेला असताना अंधार. मुलगी किंचाळायची. वेळ वाढवून वीस मिनिटं केली तर रिकाम्या बाथरूममध्येही वीस मिनिटं दिवा. शेवटी दाराचा सेन्सर जोडीला घेतला. दार बंद झाल्यावर आत हालचाल दिसली तर दार उघडेपर्यंत माणूस आतच आहे असं धरायचं, बाहेर जायला दुसरी वाट नाही ना. दार उघडलं की मग साधी दोन मिनिटं. फक्त मुलं दार उघडंच टाकून अंघोळ करतात तेव्हा काही चालत नाही.

नवीन_आलोय :
सगळं वाचलं. माझा हॉलमधला संध्याकाळी सात ते नऊ 'चालू'वर अडकतो, रोज त्याच वेळी, सुट्टीलाही. बॅटरी नवी, डोंगल लांब, चॅनेल २५. समोर देवघर आहे, बाकी काही नाही.

धागाकर्ता :
समई किती वाजता लावता? पंख्याच्या वाऱ्याने ज्योत हलत असेल तर सेन्सरला तेवढं पुरतं. आज सेन्सरच्या लेन्सचा देवघराकडचा भाग चिकटपट्टीने झाका आणि उद्या कळवा.