ठिय्या मारल्याने स्थलांतरितांचा कायदा बदलतो का?

उंबरठा: मे २०१० मध्ये अमेरिकेत टक्सनला सिनेटर मकेन यांच्या कार्यालयात कागदपत्रं नसलेले काही विद्यार्थी पदवीदानाचे झगे घालून ठिय्या देऊन बसले. मागणी एकच, ड्रीम अॅक्ट (लहानपणी अमेरिकेत आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या मुलांना कायदेशीर दर्जा देणारं विधेयक) मंजूर करा. अटक झाली. डिसेंबरात विधेयकाला सिनेटमध्ये ५५ मतं पडली, हवी होती ६०. त्या मुलांच्या धैर्याला सलाम, पण मार्ग मला पटत नाही. काठावरचे सिनेटर अशाने आणखी दूर जातात. २००६ साली १ मेला स्थलांतरितांच्या हक्कांसाठी काम-शाळा बंदची हाक दिली गेली, तेव्हा लॉस एंजेलिसचे कार्डिनल माहोनी स्थलांतरितांच्या बाजूने उघड उभे होते. तरी त्यांनी सांगितलं, काम-शाळा चुकवू नका, मोर्चाला नंतर या.

रानवारा: पाच मतं कमी पडली त्याचं खापर ठिय्यावर का? तेव्हाचे अध्यक्ष ओबामा यांच्याच पक्षातल्या पाच जणांनी विरोधात मत दिलं. मोंटाना, नेब्रास्का, आर्कान्सा असल्या राज्यांतले ते लोक, त्यांना आपल्या मतदारांची धास्ती होती. मुलं घरी गप्प बसली असती तरी ती धास्ती गेली नसती. आणि पुढचं विसरू नका. या मुलांची हद्दपारी थांबवणं माझ्या एकट्याच्या हातात नाही, असं ओबामा म्हणत होते. जून २०१२ मध्ये डेन्व्हरच्या त्यांच्या प्रचार कार्यालयात मुलं जाऊन बसली आणि त्याच महिन्यात, १५ तारखेला, डाकाची, म्हणजे अशा मुलांची हद्दपारी तात्पुरती थांबवून त्यांना कामाची परवानगी देणाऱ्या योजनेची, घोषणा झाली. फक्त ठिय्यामुळे झाली असं मी म्हणणार नाही. पण निवडणुकीच्या वर्षात स्वतःच्या कार्यालयात बसलेली मुलं दुर्लक्षिता येत नाहीत.

बे-एरियाकर: आपल्या भारतीय घरांतलंही बघा. एच-१बीवर (कामाच्या व्हिसावर) आलेल्यांची मुलं ग्रीन कार्डच्या रांगेत २१ वर्षांची होतात आणि आईवडिलांच्या व्हिसावरून बाहेर पडतात. त्यांच्याकडे वैध व्हिसा होता म्हणून डाकाही नाही! ती खासदारांना भेटत राहिली, २०२१ मध्ये विधेयक आलं, अजून मंजूर नाही.

उंबरठा: म्हणून त्यांनीही अटक करून घ्यायची? एका अटकेने विद्यार्थी व्हिसाचा उरलेला रस्ताही धोक्यात येईल.

रानवारा: त्यांनी करून घ्यावी असं मी म्हटलंच नाही. डेन्व्हरच्या मुलांकडे कुठलाच व्हिसा नव्हता. त्यांनी काय पणाला लावायचं ते त्यांनीच ठरवलं. तुमचा आक्षेप २००६ च्या बंदला जास्त लागू पडतो, कारण तिथे हॉटेलात भांडी घासणाऱ्याची नोकरी दुसऱ्याच्या हाकेवर जाऊ शकत होती.