कुत्र्या-मांजरांसह परदेशी गेलात? अनुभव सांगा

मोर्शी तालुका, सध्या जर्मनी

आमचा शेरू म्हणजे संत्र्याच्या बगीच्यात सापडलेलं गावठी पिल्लू. त्याला सोडून जायचं नाही, हे घरात पहिल्या दिवशीच ठरलं होतं. असं बिऱ्हाड हलवलेल्यांनी आपले अनुभव लिहा, मागून येणाऱ्यांना उपयोग होईल. सुरुवात मी करते.

आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. आमचं उलटं झालं, म्हणून लस पुन्हा टोचावी लागली. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त घेतात. ते युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासावं लागतं आणि रेबीजविरुद्धच्या प्रतिकारशक्तीचा आकडा 0.5 च्या खाली चालत नाही. त्यात पास झालं तरी रक्त घेतल्यापासून 3 महिने थांबायचं. हे पुढे गेले, मी अन् शेरू गावातच राहिलो. नोकरीचं पत्र हातात पडायची वाट पाहू नका, चिप आजच बसवा.

पिंजरा महिनाभर आधी ओसरीत आणून ठेवला. कुत्र्याला आत उभं राहता, वळता, लोळता यावं एवढा मोठा हवा. सासूबाईंनी त्यात आपलं जुनं लुगडं अंथरलं. चार दिवस शेरू फिरकला नाही. पाचव्या दिवशी पहाटे सडा टाकायला उठले, तर आत मुटकुळं करून झोपलेला, नाक लुगड्याच्या काठात खुपसलेलं. सासूबाई म्हणाल्या, "नेजो व माय याले. पन लुगडं आतच राहू देजो."

झोपेचं औषध मात्र देऊ नका. विमानात त्याने जिवावर बेतू शकतं.

आर्वी, सध्या कॅनडा

ताई, आमच्या मनीचं सोपं गेलं. कॅनडाला रेबीजच्या लसीचा दाखला पुरला. धावपळ झाली ती इकडेच. निघताना पशु विलगीकरण केंद्राचं प्रमाणपत्र लागतं आणि ते केंद्र नागपुरात नाही. समृद्धीने मुंबईला नेलं. मनी रस्ताभर ओरडत होती, इगतपुरीच्या पुढे गप्प झाली.

दारव्हा, सध्या ऑस्ट्रेलिया

मला राणीला नेता आलं नाही. भारतातून ऑस्ट्रेलियात थेट कुत्रं नेता येत नाही, आधी मान्यता असलेल्या तिसऱ्या देशात न्यावं लागतं. तेवढी ऐपत नव्हती. अमरावतीतली भाड्याची खोली सोडली आणि तिला गावी बाबांकडे ठेवलं. निघताना ती बैलगाडीखाली बसून होती, बाहेर आली नाही. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

चार वर्षांनी आलो, तेव्हा तिला घेऊन मुद्दाम अमरावतीला गेलो. अंबादेवीचं दर्शन घेतलं, राजकमल चौकाजवळ गिला वडा खाल्ला, जुन्या कॉलेजवरून चक्कर मारली. शहर बरंच बदललंय, पण त्या वड्याच्या पहिल्या घासाला माझं सगळं अमरावती परत आलं. गाडी आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी लावली, तर राणी साखळी ओढत निघाली आणि बरोबर तिसऱ्या फाटकापाशी थांबली. आता तिथे दुसरं कुटुंब राहतं. त्या वहिनी म्हणाल्या, "येऊ द्या न भाऊ आत." राणी थेट मोरीशेजारच्या कोपऱ्यात जाऊन बसली. तिचं पोतं तिथेच असायचं. वहिनींनी वाटीत दूध आणलं. मी दाराशीच उभा राहिलो, मला आत जाववेना.

मोर्शी तालुका, सध्या जर्मनी

भाऊ, वाचून डोळे भरून आले.

कुणी परत आणणार असेल तर सांगते: येतानाही त्याच पशु विलगीकरण केंद्राचं ना-हरकत पत्र आधी काढावं लागतं. आपल्याकडच्या एप्रिल-मे मध्ये आणू नका, जर्मनीच्या थंडीची सवय लागलेल्या जिवाला ते ऊन सोसायचं नाही. आम्ही पोळ्याच्या सुमाराला येतोय. सासूबाईंनी ओसरीतला तो कोपरा आतापासूनच मोकळा करून ठेवलाय.