सहावीपासून कोडिंग: गरज की हौस?

खडूफळा: राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं, सहावीपासून मुलांना कोडिंगची ओळख करून द्या. मी झेडपीच्या शाळेत शिकवते. लोकवर्गणीतून आलेला प्रोजेक्टर आहे, पण वीजबिल थकलं की मीटर बंद. दिवसभर रील बघणाऱ्या पोराला ईमेलला फाइल जोडता येत नाही, सेव्ह केलेली फाइल सापडत नाही. आधी तेवढं शिकवू द्या, मराठी टायपिंग शिकवू द्या. कोडिंग ही तूर्तास शहरी पालकांची हौस आहे.

बायनरीभाऊ: ताई, साफ असहमत. 'आधी टायपिंग, आधी फाइल' हे २००१ला एमएस-सीआयटी हा संगणक कोर्स आला तेव्हापासून ऐकतोय. किती जणांनी नोकरीच्या अटीपुरतं सर्टिफिकेट काढलं आणि फायलीला लावलं! बटणं पाठ केली की व्हर्जन बदललं रे बदललं, माणूस पुन्हा अडतो. कोडिंग म्हणजे कामाच्या पायऱ्या पाडायला शिकणं, आणि त्याला वीज लागतेच असं नाही. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातून आलेलं 'सीएस अनप्लग्ड' बघा, संगणकाविना संगणकशास्त्र शिकवणारे खेळ. पटांगणात फक्कीने रेषा आणि गोल आखायचे. सहा पोरं एका टोकाकडून रेषांवरून चालत निघतात, प्रत्येकाच्या हातात आकड्याची चिठ्ठी. गोलात दोघं भेटले की लहान आकडा डावीकडच्या रेषेने पुढे, मोठा उजवीकडच्या. शेवटी सगळे चढत्या क्रमाने उभे! कुणी एक चूक केली की क्रम बिघडू शकतो, मग चूक कुठल्या गोलात झाली ते पोरंच हुडकतात.

दुकानवाली आई: तुमचं चालू द्या. माझा आठवीतला मुलगा संध्याकाळी गल्ल्यावर बसतो. मागे फोन आला, "पैसे पाठवतोय, रिक्वेस्ट आलीये, पिन टाक." पैसे घ्यायला पिन लागतच नाही, हे त्याला कुठल्या विषयात शिकवलं? फसलात तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, हे तरी किती जणांना ठाऊक आहे?

बायनरीभाऊ: वहिनी, ते हवंच. पण त्याला एक तास पुरे, वर्षभराचा विषय कशाला?

दुकानवाली आई: एका तासाने भागलं असतं तर शिकलेसवरलेले लोक फसले नसते. दर महिन्याला नवी युक्ती येते, भाऊ.

खडूफळा: पण शिकवणार कोण? शाळांतल्या आयसीटी लॅबचं, म्हणजे संगणक कक्षांचं, आपल्याकडे काय झालं? कंत्राट संपलं, संगणक शिक्षक घरी आणि लॅबला कुलूप. आता ज्या गुरुजींना संगणक येतो ते यू-डायस या सरकारी पोर्टलवर शाळेची आणि पोषण आहाराची माहिती भरत बसतात. कोडिंगचा तास त्यांच्याच गळ्यात पडणार. फक्कीचा खेळ मात्र पटला, शनिवारी घेते. पण वर्गात ४३ पोरं. सहा खेळणार, बाकीच्यांनी दंगा करायचा का?

बायनरीभाऊ: सात आकृत्या आखा, शर्यत लावा. उरलेला एक पंच. सगळ्यात दंगेखोर असेल त्यालाच करा.