‘किफायतशीर’ उपचार म्हणजे स्वस्त उपचार का?

कृष्णाकाठ (सांगली): नर्सिंगच्या मुलींसाठी मराठीत टिपण करतेय. ‘कॉस्ट-इफेक्टिव्ह’ला ‘किफायतशीर’ लिहिलं, तर सगळ्या वर्गाने ‘स्वस्त’ असाच अर्थ लावला. आणि ‘हेल्थ आउटकम’चं ‘आरोग्य-निष्पत्ती’ वाचून मलाच जांभई आली. सुचवा काही.

मिरजकर: मुलींचा काय दोष? किफायत अरबीतून आला, तिथे अर्थ पुरेसेपणा. मराठीत त्याचा नफा झाला, बचत झाली, आणि दुकानाच्या पाटीवर ‘किफायतशीर दरात’ म्हणजे सरळ स्वस्त. आरोग्य-अर्थशास्त्रात मात्र ही तुलना असते. जुन्यापेक्षा नव्या उपचाराला पैसे किती जास्त लागले आणि त्या बदल्यात गुण किती जास्त आला? कशाच्या मानाने, हे सांगितल्याशिवाय एकट्या उपचाराला किफायतशीर म्हणण्यात अर्थ नाही.

गुण मोजायला ‘क्वाली’ हे एकक वापरतात. पूर्ण तब्येतीत काढलेलं एक वर्ष म्हणजे १. निम्म्या तब्येतीत चार वर्षं काढली तर २. समजा, जुन्या उपचाराला १०,००० रुपये लागतात, नव्याला ४०,००० आणि नव्याने अर्धा क्वाली जास्त मिळतो. म्हणजे जादा ३०,००० भागिले ०.५, एका क्वालीमागे ६०,००० रुपये. उपचार महाग, तरी किफायतशीर ठरू शकतो. सरकारी आरोग्यसेवेत कोणते उपचार द्यावेत हे सुचवणारी ब्रिटनची ‘नाइस’ ही १९९९ साली स्थापन झालेली संस्था बरीच वर्षं एका क्वालीला २० ते ३० हजार पौंडांपर्यंतचा खर्च साधारण रास्त धरत आली. उलट, स्वस्त गोळीने गुणच येत नसेल तर तो पैसा पाण्यात.

माणदेशी: आउटकमला ‘गुण’च ठेवा की! ‘मिरजेला नेलं, गुण आला’ हे आमच्याकडं कुणालाही कळतं. ‘उतार पडला’ म्हणजे दुखणं हटलं, मग औषधानं असो वा आपोआप. गुण मात्र औषधाचा, नाहीतर डॉक्टरांच्या हाताचा. शिवाय गुडघा बदलल्यावर एक्स-रे झकास आला म्हणून आजी गुण आला म्हणत नाही, बांधापर्यंत चालता आलं तर म्हणते.

मिरजकर: अगदी! ‘ईक्यू-५डी’ नावाची प्रश्नावली हेच विचारते: चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं, चिंता-उदासी. एक्स-रेचा त्यात प्रश्नच नाही.

वाईवाली: ‘परवडणारा’ शब्द यात मिसळू नका हं. जन आरोग्य योजनेत डायलिसिस फुकट झालं, तरी आटपाडीहून मिरजेला जायचं एसटीभाडं आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज घरच्यांवरच. सरकारी हिशेबात बसलेला उपचार घराला परवडेलच असं नाही. म्हणून खर्च कुणाच्या बाजूने मोजलाय, ते अशा अभ्यासात आधी बघायचं. आपल्याकडेही केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली २०१७ पासून असं मूल्यमापन चालतं.

कृष्णाकाठ: मग ‘खर्चाच्या मानाने गुण’ लिहिते. लांब आहे, पण चालेल. आणि क्वालीला ‘गुणवर्ष’?

माणदेशी: नको ताई, परीक्षेच्या दिवसांत मुली मार्कशीट समजतील.

वाईवाली: क्वालीच राहू दे. बीपी, शुगर पचवलंच की आपण.