१५ वर्षं बंद असलेली जुनी बुलेट ३५०: इंजिन खोलायचंय, सुरुवात कुठून?

लोखंडी_बॅरल:
ओतीव लोखंडी इंजिनाची ३५०, पॉइंटवाली (ठिणगीची वेळ यांत्रिक संपर्कबिंदूंवर ठरणारी). १५ वर्षं उभी होती. किक फिरते, कॉम्प्रेशन अगदी कमी. प्लगच्या भोकातून बघितलं तर सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचा पट्टा दिसतो. चालू करून बघितलेलं नाही. प्रश्न तीन:
१) फक्त रिंगा बदलून भागेल की बोअर मारावाच लागेल (सिलिंडर आतून कापून मोठा करणं)?
२) क्रँक खोलायचा की वरचंच काम करून जोडायचं?
३) अशा इंजिनात सगळ्यात जास्त चूक कुठे होते?
हत्यारं बरी आहेत, फीलर गेज आणि डायल गेज आहे. प्रेस नाही.

फ्लोटिंग_बुश:
चालू करून बघितलं नाही हे उत्तम केलंत. गंजाची पूड रिंगांखाली गेली की उरलंसुरलं बोअरही जातं.

तिसऱ्या प्रश्नापासून घेतो, कारण बाकी दोन्हींचं उत्तर त्यात आहे. या इंजिनात बहुतेक चुका ऑइलच्या वाटेवर होतात. बॅरल-पिस्टन नवं टाकतात, आणि बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) ऑइल पोचतंय का ते कुणी बघत नाही. या गाडीला वेगळी ऑइल टाकी नाही, क्रँककेसच्याच मागच्या कप्प्यात ऑइल असतं. टायमिंग कव्हरमध्ये दोन पंप: एक ऑइल क्रँककडे ढकलतो, दुसरा खाली साचलेलं परत उचलतो. क्रँकच्या टोकाला पंप फिरवणारा वर्म नट आहे. ऑइल कव्हरमधून त्याच्या पोटातून क्रँकमध्ये शिरतं, आणि त्या सांध्यावर फक्त एक बुचाचं सील असतं. १५ वर्षांत ते वाळून चपटं झालेलं असणार. मग ऑइल आत जाण्याऐवजी कव्हरमध्येच सांडतं, वरून सगळं ठीक दिसतं आणि बिग एंड कोरडा चालतो. सील दिसायला कितीही चांगलं असो, नवं टाका. कव्हर बसवताना ते किंचित दाबलं गेलं पाहिजे.

वर्म नट उलट्या आट्यांचा आहे. सरळ समजून जोर लावला तर टोकच तुटतं.

क्रँकचा निर्णय हाताने होतो. बॅरल काढा, पिस्टन टॉपला आणा, रॉड दोन्ही हातांनी धरून सरळ वर-खाली ओढा. या दिशेला ढिलाई शून्य हवी. टक् असा बारीक ठोका जरी जाणवला तरी क्रँक खोलायचा. रॉड डावी-उजवीकडे थोडा डुलतो, त्याला घाबरू नका, फ्लोटिंग बुशमध्ये (बिग एंडच्या सैल फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये) तेवढं असतंच. पण गाडी १५ वर्षं उभी होती, तेव्हा ठोका नसला तरी मी क्रँककेस उघडून धुवायच्याच मताचा आहे. ऑइलच्या कप्प्याच्या तळाशी काळा चिखल बसलेला असतो. नवं डिटर्जंट ऑइल तो सोडवतं आणि थेट पंपात नेऊन घालतं.

फ्लायव्हील प्रेसवरच सुटतात, घरी हातोड्याने ते काम करू नका. जोडून आल्यावर क्रँक दोन सेंटरमध्ये धरून दोन्ही शाफ्टवर डायल लावा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त डोलत असेल तर परत पाठवा, मग लेथवाला काहीही म्हणो.

दहा_थाउ:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मोजल्याशिवाय नाही. पार्ट आधी मागवू नका.

मूळ बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९०. बोअर गेजने तीन उंचीवर मोजा: वरच्या कडेखाली रिंग जिथे थांबते तिथे, मध्ये आणि तळाशी. प्रत्येक जागी दोनदा, गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत आणि तिला काटकोनात. वरचं आणि खालचं माप ०.०८ मिमीच्या वर वेगळं निघालं तर रिंगा बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. गंजाचा पट्टा नखाला लागत असेल तर तो होनने (घासणाऱ्या दगडांनी) जाणार नाही, बोअरच मारा. ओव्हरसाइज ०.२५च्या पायऱ्यांनी मिळतात. पट्टा पूर्ण निघेल तेवढंच वर जा, पुढच्या वेळेसाठी लोखंड शिल्लक ठेवा.

पिस्टन आधी लेथवाल्याच्या हातात द्या, मगच बोअर. 'अमुक साइजला मार' असं सांगून पाठवू नका, कारण एकाच साइजचे दोन पिस्टन तंतोतंत सारखे नसतात. स्कर्टजवळ ०.०८ ते ०.१० फट ठेवा. पिस्टनसोबत आकडा छापून आला असेल तर तोच पाळा. यापेक्षा घट्ट ठेवलं की लांबच्या चढावर पिस्टन पकडतो, आणि दोष उगाच ऑइलवर जातो.

रिंगेची फट: रिंग बोअरमध्ये ठेवून पिस्टनच्या डोक्याने इंचभर खाली सरळ ढकला, मग फीलर घाला. ०.३० ते ०.४० हवी. कमी असेल तर टोकाला बारीक कानस, एकाच दिशेने. फट कमी राहिली तर गरम झाल्यावर टोकं भिडतात, रिंगेला पसरायला जागा उरत नाही आणि ती भिंत खरवडत जाते.

गजन पिन ठोकून काढू नका, रॉड वाकतो. पिस्टनला उकळत्या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा, पिन अंगठ्याने सरकते. सर्क्लिप (पिन अडवून ठेवणारी कडी) दर वेळी नवीन.

लोखंडी_बॅरल:
रॉडला ठोका आहे. बारीक, पण आहे. म्हणजे क्रँक निघणार. हेडमध्ये काय काय बघू?

टॅपेट_शून्य:
कमी कॉम्प्रेशनचा सगळा दोष बॅरलवर टाकू नका. आधी डिकॉम्प्रेसरचा (किक सोपी करायला दाब सोडणारा) छोटा व्हॉल्व्ह बघा. त्याच्या सीटवर कार्बन बसला की तिथूनच फुसफुस होते, आणि लोक बोअर मारून मोकळे होतात.

मोठे व्हॉल्व्ह पेस्टने घासा. सीटवर साधारण दीड मिमी रुंद, सलग राखाडी कडं उमटलं की थांबा. जास्त घासलं तर व्हॉल्व्ह आत रुततो. मग हेड उलटं करून चेंबरमध्ये पेट्रोल ओता. पाच मिनिटांत पोर्टमध्ये ओल दिसली तर परत घासा. गाइड ढिले असतील तर आधी गाइड, मग सीट. उलट क्रमाने केलं तर सगळं दोनदा.

टॅपेट (व्हॉल्व्हची ढिलाई) थंड इंजिनावर, कॉम्प्रेशनच्या टॉपला. फीलर लागत नाही: पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वर-खाली हलता कामा नये.

पॉइंटची फट ०.३५ ते ०.४०. टायमिंगसाठी ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) वजनं मिटलेली ठेवून, टॉपच्या ०.८ मिमी आधी पॉइंट सुटायला हवेत. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरा, हलका ताण द्या. तो ज्या क्षणी सरकतो, तीच जागा. पॉइंटवर जाड निळसर ठिणगी उडत असेल आणि खड्डे पडत असतील तर कंडेन्सर गेलाय.

फ्लोटिंग_बुश:
@टॅपेट_शून्य, सहमत. एक भर: ब्रीदरची (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी) बदकाच्या चोचीसारखी रबरी नळीही बदला. ती कडक झाली की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि प्रत्येक सांध्यातून ऑइल झिरपतं. लोक गॅस्केटवर गॅस्केट बदलत बसतात.

जोडल्यावर टायमिंग कव्हरमधला फेल्ट फिल्टर नवा, त्याचा कप्पा ऑइलने भरूनच बंद करा. प्लग काढून ३०-४० किका मारा, मग हेडला जाणाऱ्या पाइपचा बॅन्जो बोल्ट (ज्याच्या आतून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) ढिला करा. तिथे ऑइल आलं तरच प्लग लावायचा. नाही आलं तर स्टार्ट करायचं नाही. ऑइल २०डब्ल्यू-५०, साधारण सव्वादोन लिटर, पण शेवटचं माप डिपस्टिकवर.

दहा_थाउ:
रनिंग-इनबद्दल: पहिल्यांदा चालू झाली की उभ्या उभ्या अर्धा तास आयडलवर ठेवू नका. रिंगा बसायला थोडा भार लागतो, आणि उभ्या गाडीला वाराही लागत नाही. दोन-तीन वेळा पाच-पाच मिनिटं, मध्ये पूर्ण थंड, मग रस्त्यावर. ५०० किमीपर्यंत ताशी ५०च्या आत, पण एकाच वेगावर नको, आणि टॉप गिअरमध्ये धापा टाकत चढावर तर मुळीच नको. पहिलं ऑइल १०० किमीवर काढा, हेडचे नट आणि टॅपेट तेव्हाच, थंड इंजिनावर तपासा.

आणि महिनाभर उभी राहिली तर ऑइल पंपातून झिरपून क्रँकखाली साचतं. सुरू केल्यावर पांढरा धूर सुटतो, तेव्हा रिंगा गेल्या म्हणून घाबरू नका. आधी खालचा प्लग काढून साचलेलं ऑइल बाहेर घ्या.